उंच बुरूज डावीकडे

त्या वर्षी नदीकाठच्या तीन नंबरच्या इमारतीत सगळ्यांचीच वजनं वाढली आणि त्याचं खापर झिता गोंदेकवर फुटलं. मार्चमध्ये तिने पाचही मजल्यांवर फिरून दारोदार एकेक रिकामी डबी ठेवली होती. चॉकलेटं खा, पण वरची बेगड फाडू नका, चुरगाळू नका, नखाने हळूच उलगडा आणि डबीत टाका, असं तिने प्रत्येकाला बजावलं होतं. लाल आणि हिरवी मिळाली तर उत्तम, सोनेरी कोणीही देतं. तळमजल्यावरच्या हाल्श्काबाईंना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. पण झिताबाईंचं काम अडायला नको म्हणून त्या मन मारून रोज दोन खात होत्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

खरी बेगड मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. हल्ली चॉकलेटं प्लास्टिकच्या चकचकीत कागदात येतात आणि त्या कागदाची घडी घातली की तो हट्टी पोरासारखा पुन्हा उलगडून बसतो. शोप्केला, म्हणजे नाताळातल्या येशूजन्माच्या देखाव्याला, तो चालत नाही. तिला जुनी धातूची बेगडच लागते, पातळ आणि मऊ, बोट फिरवलं की बसली तिथे बसली. खाली बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे, आइस्क्रीमच्या काड्या, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि वरून ही बेगड. एवढ्यावर माणसाच्या छातीला लागेल असा मनोऱ्या-घुमटांचा महाल उभा राहतो, मधल्या मजल्यावर गव्हाणीत बाळ येशू निजतो आणि शेजारी हेरोद राजाच्या मागे मृत्यू कोयता घेऊन उभा असतो. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी क्राकोव शहरातल्या सगळ्या शोप्का मोठ्या चौकात पुतळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. दुपारी त्यांची मिरवणूक निघते आणि त्या स्पर्धेसाठी संग्रहालयात जमा होतात. गुरुवार चुकला की वर्ष चुकलं.

झिताचा नवरा लुदविक हा गवंडी. उन्हाळ्यात लोकांची घरं बांधायची आणि थंडीत चुना गोठायला लागला की घरी बसून शोप्का करायची, हा त्याच्या आजापासूनचा क्रम. एकतीस वर्षांत त्याने एकतीस शोप्का केल्या, त्यातल्या चारांना पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्या शोप्केची एक खूण होती. बाकीचे कारागीर दिसायला बरं म्हणून दोन्ही बाजूंचे बुरूज सारखे करतात. लुदविक म्हणायचा, चौकातल्या मारियाच्या चर्चचे बुरूज सारखे आहेत का? समोर उभं राहून बघा, डावा उंच, मुकुट घातलेला, आणि उजवा ठेंगणा. मग शोप्केत खोटं कशाला? त्यामुळे नुसते बुरूज बघून लोक लांबूनच म्हणायचे, हं, गोंदेकची आली.

झिता निवृत्त होईपर्यंत चॉकलेटच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर बेगडीत चॉकलेटं गुंडाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन तीच बेगड सरळ करायची. ती काचेवर पसरायची, चमच्याच्या पाठीने घासायची, आणि जाड टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांत रंगवार ठेवून द्यायची. एका शोप्केला हजार-बाराशे तुकडे लागतात. शिवाय चारशे खिडक्या कापायच्या, तीन राजांचे झगे शिवायचे, हेरोदच्या मुकुटाला मणी लावायचे, हेही तिचंच. लुदविक सांगाडा उभा करायचा आणि बेगड चढवायचा. शोप्केखाली लावायच्या कार्डावर नाव लुदविक गोंदेक. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिलाही वाटत नसावं असं सगळे धरून चालले होते.

जानेवारीत लुदविकच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा परत आला, हात आला नाही. मार्चमध्ये, एरवी तो ज्या दिवसांत पुठ्ठे जमवायला लागायचा त्या दिवसांत, त्याने खिडकीतल्या खुर्चीतून फर्मान काढलं.

"तू हात चालव, मी सांगतो," तो म्हणाला. जीभ अजून जड होती, पण हुकूम सोडण्यापुरती चालत होती. "कार्डावर नाव नेहमीचंच."

"नाही," झिता म्हणाली. "या वर्षी नाव माझं."

लुदविकला वाटलं, हिला नीट ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"अगं, बेगड घासणारीची शोप्का बघायला कोण येणार आहे?"

"तू ये. तुला पुढे बसवते."

त्यावर तो दोन दिवस बोलला नाही. ती मात्र बाह्या सरसावून कामाला लागली. दारावरच्या पाटीवर, विजेच्या बिलावर, एकतीस शोप्कांच्या कार्डांवर, सगळीकडे लु. गोंदेक होता. तिला साठी लागली होती. आपल्या हाताने केलेल्या वस्तूखाली एकदा झिता लिहिलेलं बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते एवढंच होतं म्हणून ते सोडायला ती तयार नव्हती.

तिसऱ्या दिवशी लुदविकने एक अट घातली. शोप्केचं टेबल त्याच्या खुर्चीसमोर ठेवायचं आणि दर्शनी बाजू कायम त्याच्याकडे. मागची बाजू बघून मी काय सांगणार, असं त्याचं म्हणणं. झिताने मान्य केलं. आजारी माणूस, दिवसभर दुसरं बघणार तरी काय? टेबल खिडकीशी लागलं, लुदविक समोर बसला, आणि झिता पलीकडून, शोप्केच्या पाठीमागे उभी राहून काम करायला लागली. तिची उंची बेताची, पण हात लांब होते. पुढच्या भागाचे तुकडे ती स्वयंपाकघरात आडवे ठेवून मढवायची आणि मग मागून हात घालून जागेवर बसवायची.

उन्हाळाभर लुदविकने उंटावरून शेळ्या हाकल्या. पुठ्ठा जाड आहे. पायऱ्या उथळ झाल्या. निळ्याशेजारी हिरवा कोण लावतं? एकदा तो मधल्या घुमटाकडे बघून म्हणाला, "हा घुमट आहे की कांदा?"

"कांदाच," झिता म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून केलाय."

खरं सांगायचं तर तिला या टोमण्यांचा त्रास कमी आणि आधार जास्त होता. ज्याला तो नावं ठेवायचा ते ती रात्री निजताना पुन्हा आठवायची, आणि निम्म्या वेळा तो बरोबर असायचा. घुमट तिने दोनदा उसवला. तिसऱ्यांदा झाला तो मात्र असा की लुदविक बराच वेळ बघत राहिला आणि मग जेवायला काय आहे म्हणून त्याने विचारलं. गोंदेकच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दोघांनी स्मशानात जाऊन थडग्यांवर दिवे लावले, आणि दुसऱ्या दिवशी झिताने दोन्ही बुरूज चिकटवले. त्यानंतर लुदविकचे टोमणे एकदम थांबले. काही विचारलं तर तो बरं आहे म्हणायचा. झिताला वाटलं, मानलं अखेर याने. तिला इतकं हलकं वाटलं की कामाच्या नादात ती गुणगुणायला लागली. त्याच्या मार्चमधल्या बोलण्याबद्दल तिने मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं. जरा घाईच झाली ती.

डिसेंबरचा पहिला बुधवार उजाडला. शोप्का पुरी झाली होती, नुसते दिवे तपासायचे राहिले होते. सकाळी आठच्या सुमाराला हाल्श्काबाई आपल्या पिंपेक नावाच्या कुत्र्याला काखेत घेऊन दर्शनाला आल्या. झिता पलीकडे वायर जोडत होती. हाल्श्काबाई सरळ लुदविकच्या खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, कारण समोरची बाजू तिथूनच दिसत होती. त्यांनी बघितलं, तोंड भरून कौतुक केलं, माझ्या त्या लाल चॉकलेटांची बेगड कुठे लागली म्हणून विचारलं. मग त्यांनी मान तिरपी केली.

"झिताबाई," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंय का?"

"काय?"

"उंच बुरूज उजवीकडे आहे."

झिता हसली. उंच बुरूज तिच्या डाव्या हाताला होता, तिच्या डोळ्यांसमोर. महिनाभर तो तिथेच होता. आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं की ती शोप्केच्या मागे उभी आहे.

ती टेबलाला वळसा घालून पुढे आली. शोप्का इतकी देखणी झाली होती की पहिल्यांदा तिला तेच दिसलं, लाल सज्जे, निळे कळस, बाळ येशूच्या वर लावलेली सोनेरी कमान. मग तिला बुरूज दिसले. डावीकडे ठेंगणा, उजवीकडे उंच. या शहरात शाळेतलं पोर चर्चचं चित्र काढतानासुद्धा ही चूक करत नाही. तिने टेबलाची कड धरली. उद्या चौकात सगळे कारागीर जमणार, गोंदेकची आली म्हणणार, आणि पुढच्याच श्वासाला म्हणणार, बाईने केली ना, म्हणून उलटी.

मग तिने लुदविककडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तुला कधी दिसलं?" तिने विचारलं.

हाल्श्काबाईंना अचानक आठवलं की पिंपेकला बाहेर न्यायचंय. त्याला बाहेरूनच आणलं होतं, पण त्या गेल्या.

"लुदविक. कधी?"

"तू चिकटवलेस तेव्हाच."

"महिना झाला त्याला. आणि मूग गिळून बसलास."

"आज सांगणार होतो." त्याने डाव्या हाताने मांडीवरची शाल नीट केली. "अगदी शेवटच्या दिवशी. म्हटलं, तू घाबरशील. माझ्याकडे येशील. म्हणशील, लुदविक, तू होतास म्हणून वाचले. मग कार्डावर..."

पुढचं झिताला कळलं. बोलायची गरजही नव्हती.

झिताला त्या क्षणी त्याची कीव आली नाही. तिला भयंकर राग आला, आणि रागापेक्षाही जास्त लाज वाटली. आपण या माणसासमोर महिनाभर गाणं गुणगुणत राहिलो. तो ते ऐकत होता, उंच बुरूज बघत होता आणि दिवस मोजत होता. एकतीस वर्षं तिने त्याच्यासाठी चमचा घासला होता. त्याच्या हाताला काही झालं तेव्हा तिला स्वतःच्या हाताला झाल्यासारखं वाटलं होतं. आता तिला वाटलं, उठावं, कोट चढवावा आणि संध्याकाळपर्यंत नदीकाठाने चालत सुटावं.

"राहू दे आता," लुदविक हळूच म्हणाला. "बुरूज कापायला गेलीस तर सज्जे फाटतील, वायरी तुटतील, सगळीच जाईल. पुढच्या वर्षी ने. लोक समजून घेतील, घरात आजारपण आहे."

हे ऐकलं आणि झिताचं नदीकाठाने चालणं रद्द झालं. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे तिला तर कळत होतंच, त्यालाही कळत होतं. तिने घड्याळ पाहिलं, सव्वाआठ. शेंडी तुटो की पारंबी तुटो, उद्या नऊच्या आत शोप्का चौकात असणार होती, बुरूज आपापल्या जागी, आणि खाली तिचं नाव. तिने ॲप्रनची गाठ घट्ट केली आणि पहिल्यांदा शोप्केसकट टेबल फिरवलं. दर्शनी बाजू स्वतःकडे घेतली, पाठ लुदविककडे.

मग तिने पुठ्ठा कापायची चांभारी सुरी उचलली. लुदविकची नजर सुरीवर गेली.

"त्या दोन भावांची गोष्ट आठवते ना?" झिताने विचारलं.

ती गोष्ट इथे सगळ्यांना आठवते. मारियाच्या चर्चचे बुरूज दोन गवंडी भावांनी बांधले, एकाचा उंच झाला, आणि दुसऱ्याने जळफळून भावाला सुरीने संपवलं. लुदविक आठवते म्हणाला, आणि चांगल्या पायाने खुर्ची वीतभर मागे सरकवली.

झिताने आधी ठेंगणा बुरूज काढला. सांध्यावरची बेगड तिने गरम पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवली, सुरीचं टोक पुठ्ठ्यांच्या मधे घातलं आणि भाकरी उलथताना उलथणं सारावं तशी सुरी हळूहळू आत सारली. बुरूज सुटला. एक सज्जा फाटला, तो तिने बाजूला ठेवला. उंच बुरुजाला दोन तास लागले. त्याच्या पोटातून दिव्याच्या वायरी गेल्या होत्या, त्या एकेक ओळखून, दोरा बांधून खाली सोडाव्या लागल्या. मुकुटापाशी सुरी निसटली आणि सोनेरी बेगड बोटभर फाटली. झिताने दात आवळले. सोनेरी कोणीही देतं, असं तिने स्वतःलाच सांगितलं आणि पुढे गेली.

दुपारी एकला टेबलावर बुरूज नसलेली शोप्का होती आणि बाजूला दोन बुरूज आडवे निजले होते. तेव्हा खरी अडचण कळली. बुरुजांचे तळ सारखे नव्हते. उंच बुरूज नव्या जागी बसवला की एका कोपऱ्यात फट राहत होती आणि तो डुगडुगत होता. तिने बुटाच्या खोक्याचा तुकडा घालून पाहिला, तो जाड झाला. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फार पातळ होता, दुहेरी केला की फुगत होता. तिने घरातलं प्रत्येक खोकं काढून बघितलं. चहाचं, साबणाचं, सांज्याचं, मोज्यांचं. एकही नेमकं बसेना. अडीच वाजले.

शोप्केपलीकडे खुडखुड झाली. लुदविक डाव्या हाताने आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं उघडत होता. गोळ्यांच्या पट्ट्या त्याने मांडीवर ओतल्या, रिकामं खोकं चपटं केलं आणि टेबलावर सरकवलं.

"हे घालून बघ," तो म्हणाला. "बुटाच्यापेक्षा पातळ, बिस्किटाच्यापेक्षा जाड."

झिताने ते त्याच्याकडे न बघता घेतलं. बसलं. फट गेली, बुरूज उभा राहिला. पण डिंक वाळेपर्यंत तो कुणीतरी सरळ धरायला हवा होता, आणि तिला तर आतून वायरी ओवायच्या होत्या. दोन हातांची कामं तीन हातांची झाली होती. तिने इकडेतिकडे बघितलं. हाल्श्काबाईंना हाक मारता आली असती. पण त्यांचा हात पाच मिनिटांत दुखला असता, आणि सरळ काय आणि तिरकं काय, ते त्यांना दिसलं नसतं.

"इकडे ये," ती लुदविकला म्हणाली.

त्याने काठी घेतली, टेबलाशी येऊन स्टुलावर बसला आणि डाव्या पंजात बुरूज धरला. धरायचा कसा हे सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्याने भिंती ओळंब्यात घेतल्या होत्या.

"सरळ आहे?"

"तुझ्याकडे केसभर कललाय," तो म्हणाला. "हं. आता आला. आता वायर ओढ."

चाळीस मिनिटं त्याने तो बुरूज धरला. हात कापायला लागला तेव्हा त्याने कोपर टेबलावर टेकवलं, पण सोडला नाही. मग ठेंगण्या बुरुजाची चाळीस मिनिटं. झिताचा राग गेला नव्हता. रागाकडे बघायला तिला वेळ नव्हता, इतकंच. पण त्याच्या कपाळावरचा घाम तिने दोनदा ॲप्रनच्या टोकाने टिपला, कारण तो डिंकावर पडला असता.

सहा वाजता तिने मुकुटाला नवी बेगड लावली, चमच्याच्या पाठीने दाबली आणि दिवे लावले. सगळे लागले. दोघांनी बीटाचं सार आणि पाव खाल्ला. जेवताना लुदविकने एकदा तिचं नाव घेतलं आणि ती उद्या बोलू म्हणाली.

सकाळी हाल्श्काबाईंच्या जावयाच्या पावाच्या गाडीतून शोप्का चौकात गेली, आजूबाजूला पावाच्या रिकाम्या परड्या लावून. लुदविकची चाकांची खुर्चीही त्याच गाडीत. कडाक्याची थंडी होती, कबुतरं फुगून बसली होती, आणि पुतळ्याच्या पायऱ्या लाल-सोनेरी झाल्या होत्या. झिताने शोप्का तिसऱ्या पायरीवर ठेवली. समोर मारियाचं चर्च होतं. तिने एकदा चर्चकडे बघितलं, एकदा शोप्केकडे, पुन्हा चर्चकडे. डावा उंच, उजवा ठेंगणा. कुणी बघत नाही असं पाहून तिने आणखी एकदा बघितलं.

ट्राम चालवून निवृत्त झालेला झेनोन हा लुदविकचा जुना प्रतिस्पर्धी. तो काठी टेकत आला, शोप्केपुढे वाकला, चष्मा वर केला, घुमटाला डोळा लावला.

"लुदविक," तो म्हणाला, "डाव्या हाताने ही केलीस?"

"मी केली," झिता म्हणाली.

"आणि हा काय करत होता?"

"बघत होता."

लुदविकने मान खाली घातली. झेनोनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, असा घुमट याला कधी जमला नव्हता असं म्हणाला आणि पुढे गेला. तीस वर्षांत त्याने गोंदेकच्या शोप्केबद्दल चांगला शब्द काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाराला चर्चच्या उंच बुरुजातून तुतारी वाजली, मिरवणूक निघाली आणि संग्रहालयाच्या दारात रांग लागली. आत टेबलामागे बसलेल्या बाई जुन्या होत्या, सगळ्या कारागिरांना ओळखणाऱ्या. त्यांनी लुदविकला पाहिलं, तब्येतीची चौकशी केली आणि लिहायला सुरुवात केली.

"गोंदेक, लुदविक. नेहमीप्रमाणे."

"नाही," झिता म्हणाली. "गोंदेक, झिता."

बाईंनी पेन थांबवलं. लुदविककडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. बाईंनी तो कागद फाडला, कोरा घेतला आणि झिताकडे सरकवला. तुम्हीच भरा, खाली सही करा, म्हणाल्या.

झिताने हा कागद याआधी कधी पाहिला नव्हता. फॉर्म भरायचं काम लुदविकचं असायचं, ती बाहेर शोप्केजवळ उभी राहायची. तिने चष्मा लावला. पहिली ओळ, करणाऱ्याचं नाव. तिने लिहिलं. अक्षर जरा हललं, पण वाचता येत होतं. दुसरी ओळ, वापरलेलं सामान. तिने लिहिलं, पुठ्ठा, काड्या, बेगड. तिसऱ्या ओळीवर तिचं पेन थांबलं. ती ओळ तिने दोनदा वाचली. मदत करणाऱ्यांची नावं.

"ही ओळ नवीन आहे का?" तिने विचारलं.

"नाही हो. मी इथे लागले तेव्हापासून आहे, त्याच्या आधीपासूनही असेल. बायकापोरांची नावं घालतात लोक. कार्डावर छापतो आम्ही, खालच्या बाजूला."

झिता वळली. लुदविक खुर्चीत बसून टोपी हातात फिरवत होता. त्याने हा प्रश्न ऐकला होता, उत्तरही ऐकलं होतं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. एकतीस वेळा तो या टेबलाशी बसला होता, एकतीस वेळा त्याच्यासमोर ही ओळ आली होती. बाहेर, थंडीत, ती शोप्केवर चादर धरून उभी असायची.

मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. झिताने पुन्हा कागदाकडे तोंड केलं आणि तिसरी ओळ भरली. तिने पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, सुवाच्य. मग फॉर्म लुदविकच्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली. "बरोबर आहे ना बघ."

त्याने वाचलं. लुदविक गोंदेक, दोन्ही बुरूज धरले. आणि मग तो भलतंच बोलला.

"जागा फारच कमी आहे गं या ओळीत."

"माझं नाव मावलं असतं," झिता म्हणाली.

त्याच्या हातातला कागद तिने काढून घेतला, खाली सही केली आणि बाईंना दिला. बाईंनी अठ्ठावीस नंबरचं कार्ड लिहून तिच्यापुढे ठेवलं. झिता गोंदेकने ते उचललं आणि शोप्केखाली स्वतःच्या हाताने लावलं.